बाबूराव पेंटर : कार्यशाळेतून घडलेली परंपरा

मराठी चित्रपटाच्या इतिहासात बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचा निर्देश प्रामुख्याने दिग्दर्शक म्हणून होतो. त्यांनी उभारलेल्या कार्यशाळेचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

कोल्हापुरातील कारागीर घराण्यात जन्मलेल्या बाबूरावांनी चित्रकलेचे व मूर्तिकलेचे शिक्षण कलाशाळेत घेतले नाही. ते घरातच, वडिलांच्या हाताखाली झाले. बंधू आनंदराव यांच्यासमवेत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर (१९१३) दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा स्वतःच घडविण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो सिद्धीस नेला.

तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे प्रत्यक्ष कामातूनच शिकले. नेपथ्य, छायाचित्रण, रसायनप्रक्रिया, अभिनय ही कामे तेथे परस्परांपासून तुटलेली नव्हती. 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनीच केली.

या कार्यशाळेने साहित्याशीही नाते जोडले. 'सैरंध्री'ला (१९२०) खाडिलकरांच्या 'कीचकवध'चा, 'सिंहगड'ला (१९२३) हरिभाऊंच्या कादंबरीचा, तर 'सावकारी पाश'ला नारायण हरी आपटे यांच्या कथेचा आधार होता. पुराणकथेपासून कर्जबाजारी शेतकऱ्याच्या वर्तमानापर्यंतचा हा प्रवास अवघ्या पाच वर्षांचा आहे.

मात्र या स्वावलंबनाला मर्यादा होती. यंत्र आणि कौशल्य घरचे असले, तरी भांडवल बाहेरचे होते. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. जाणत्या हातांच्या जाण्याने मूळ संस्था दुबळी झाली आणि लवकरच बंद पडली. बाबूरावांनी पुढे इतर संस्थांसाठी चित्रपट केले. चित्रकला व मूर्तिकलाही सोडली नाही.

विद्या राखून ठेवली असती, तर कदाचित संस्था टिकली असती. परंतु 'प्रभात' घडली नसती. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चे (१९३६) श्रेय त्यांचेच होय. तथापि त्यांचे हात ज्या कार्यशाळेत तयार झाले, तिची नोंद घेतल्याविना मराठी चित्रपटाचा हा कालखंड पुरता उलगडत नाही.