न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : जीवन परिचय

राष्ट्रीय सभेची स्थापना शिकवताना दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता ही नावं आपण घेतो. त्यांच्याच सोबतीने काम करणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग मात्र सहसा राहून जातात.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० चा, मुंबईतला. एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि बाविसाव्या वर्षी हायकोर्टात वकिली सुरू केली. हिंदू कायद्याच्या खटल्यात त्यांचा शब्द जड असायचा, कारण धर्मशास्त्राचे ग्रंथ ते मूळ संस्कृतातून वाचत. वकिली आणि संस्कृत ही दोन्ही कामं त्यांनी जन्मभर बरोबरीने केली. रामायण हे होमरच्या काव्यावरून घेतलेलं आहे, असं वेबर नावाच्या जर्मन पंडिताने मांडलं होतं. तेविशीतल्या या वकिलाने त्याला पुराव्यानिशी उत्तर दिलं. रागावून नाही, एकेक मुद्दा घेऊन. वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेताना हे उदाहरण मुलांना जरूर सांगावं. पुढे १८८२ मध्ये मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत त्यांनी केलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर निघालं.

आपल्या भागातल्या मुलांसाठी एक जवळचा धागा. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चं. त्याच घराण्यातल्या अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपट तेलंगांनी वाचून प्रसिद्ध केला. मंदिराची सहल काढाल तेव्हा एवढं सांगितलं तरी पुरे.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगावर ते सभासद होते. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. पुढच्या वर्षी इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा की नाही, हा प्रश्न होता. तेलंगांनी बिलाच्या बाजूने भाषण केलं. १८८४ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. १८८५ मध्ये मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. त्याच वर्षअखेर गोवालिया टँकजवळ राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यातही ते होते.

आता अवघड भाग. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय हक्क, या वादात तेलंगांचं मत असं होतं की राजकारणाने समाजासाठी थांबून राहू नये. जिथे विरोध कमी तिथे आधी पुढे जावं. बालविवाह त्यांना पटत नव्हता. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याला त्यांनी पाठिंबाही दिला. पण स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी आठव्या वर्षीच लावून दिलं! लोकांनी टीका केली, आणि ती रास्तच होती. रानड्यांचंही असंच झालं होतं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी एकतिसाव्या वर्षी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं.

हे मुलांना सांगायचं का? माझ्या मते आठवी-नववीला सांगावं. मुलं विचारतात, मग ते मोठे कसे? विचारू द्यावं. लेख लिहिणं एक आणि घरच्यांसमोर उभं राहणं दुसरं, हे त्या वयात त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

१८८९ मध्ये तेलंग मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पण तब्येत साथ देत नव्हती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना ते गेले.

त्यांच्या रिकाम्या जागेवर हायकोर्टात रानडे आले. मराठ्यांच्या बखरींवर तेलंगांनी एक निबंध लिहून ठेवला होता. १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावरचं आपलं पुस्तक काढताना रानड्यांनी तो शेवटी जोडून छापला.