हेन्स्लोंबरोबर हिंडणारा मुलगा

बुद्धीला कमी नाही, पण अभ्यासात लक्ष नाही, असा शेरा ज्याच्या नावापुढे वर्षानुवर्षे पडत राहतो असा एखादा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा असतो. अशा मुलाला धाक दाखवावा, चुचकारावे की सरळ सोडून द्यावे, हा प्रश्न शिक्षणसंस्थांइतकाच जुना आहे. उत्क्रांतिवादाचा प्रणेता म्हणून ज्याचे नाव जगाने डोक्यावर घेतले, त्या चार्ल्स डार्विनचे विद्यार्थिजीवन या प्रश्नाच्या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगे आहे.

डार्विनचा जन्म १८०९ च्या फेब्रुवारीत श्रूजबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर, आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य, कवी आणि निसर्गचिंतक. आठव्या वर्षी आई गेली आणि पुढल्याच वर्षी हा मुलगा गावातील डॉ. बटलर यांच्या निवासी शाळेत दाखल झाला. शाळेत ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्राज्य होते. पद्ये पाठ करावीत, दोन दिवसांनी विसरावीत, हा तेथील क्रम. घरच्या बागेतील खोपटात थोरल्या भावाबरोबर तो रसायनांचे प्रयोग करी, म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘गॅस’ ठेवले. आणि असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ दवडतो म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला सर्वांदेखत फैलावर घेतले. बंदूक, कुत्री आणि उंदीर मारणे यांपलीकडे या पोराला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे वडिलांनीही एकदा संतापाने सुनावले.

१८२५ मध्ये वडिलांनी त्याला वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबरोला पाठविले. हिवाळ्यात सकाळी आठ वाजता चालणारी औषधिशास्त्राची व्याख्याने त्याला असह्य झाली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. दोन शस्त्रक्रिया पाहताना तो अर्ध्यावरून पळाला. भूगर्भशास्त्राची व्याख्याने तर इतकी रटाळ होती की, या विषयाचे पुस्तक जन्मात हाती धरायचे नाही असा निश्चय त्याने केला. मात्र त्याच शहरात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जॉन एडमनस्टन नावाच्या कृष्णवर्णीय कारागिराकडे पैसे भरून, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांचे नमुने जतन करण्याची कला तो आवडीने शिकत होता. जो मुलगा व्याख्यानात पेंगत होता तोच या कामात तासन्‌तास रमत होता. आळस त्याच्या स्वभावात नव्हता. त्याच्या उत्साहाला विद्यापीठाच्या वेळापत्रकात जागा नव्हती, एवढेच.

दोन वर्षांनी वैद्यकी सुटली. निदान धर्मोपदेशक तरी व्हावा म्हणून १८२८ च्या आरंभी त्याची रवानगी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात झाली. तेथेही शिकार, मेजवान्या आणि भुंगेरे जमविण्याचा नाद हेच चालू राहिले. भुंगेऱ्यांच्या पायी त्याने अशी मेहनत घेतली की कीटकांवरील एका सचित्र ग्रंथात नमुना पकडणारा म्हणून त्याचे नाव छापून आले.

या वळणावर त्याला जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो भेटले. हेन्स्लो वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्याहून अवघ्या तेरा वर्षांनी वडील. त्यांचा विषय परीक्षेला सक्तीचा नव्हता. विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष वनस्पती देऊन त्या उकलायला लावाव्यात, त्यांना घेऊन रानोमाळ भटकावे, आठवड्यातून एका संध्याकाळी घराचे दार सर्वांना उघडे ठेवावे, अशी त्यांची रीत. डार्विन इतक्या वेळा त्यांच्यासोबत दिसू लागला की, हेन्स्लोंबरोबर हिंडणारा तो, अशीच त्याची ओळख केंब्रिजमध्ये झाली.

एकदा ओलसर पृष्ठभागावरील परागकणांतून नलिका बाहेर येताना पाहून डार्विन धावतच प्राध्यापकांकडे गेला. आपण काही अपूर्व शोधून काढले अशी त्याची समजूत होती. वस्तुतः ती गोष्ट शास्त्रज्ञांना चांगली परिचित होती. हेन्स्लो हसले नाहीत. त्यांनी त्या दृश्याचे महत्त्व उलगडून सांगितले आणि ते पूर्वीच ज्ञात असल्याचेही स्पष्ट केले. विद्यार्थी ओशाळला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी एवढी मोठी गोष्ट टिपल्याच्या आनंदात तो परतला, आणि पुन्हा घाईने शोध जाहीर करायचा नाही हा धडाही घेऊन गेला. खोटी शाबासकी न देता उत्साह राखणे किती अवघड असते, हे शिकविणाऱ्यालाच कळेल.

हेन्स्लोंनी त्याला परीक्षेतून सवलत मिळवून दिली नाही. १८३१ च्या जानेवारीत सामान्य पदवीच्या यादीत डार्विन दहावा आला. त्यानंतर त्यांनीच त्याला टाकून दिलेल्या भूगर्भशास्त्राकडे वळविले आणि ऑगस्टमध्ये प्राध्यापक सेज्विक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरांत पाठविले. जो विषय एका व्याख्यात्याने मारला होता, तो दुसऱ्या गुरूच्या पायाखालच्या खडकांनी जिवंत केला. त्याच महिन्यात ‘बीगल’ जहाजावरील निसर्गाभ्यासकाच्या जागेसाठी हेन्स्लोंनी या पोरसवदा पदवीधराचे नाव सुचविले. तो परिपूर्ण शास्त्रज्ञ आहे असा दावा त्यांनी केला नाही. नमुने जमविणे, निरखणे आणि नोंदणे यांस तो समर्थ आहे, एवढीच ग्वाही दिली. वडिलांचा विरोध मामा जोसाया वेजवूड यांनी मोडून काढला आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. पुढील जवळजवळ पाच वर्षे नमुन्यांच्या पेट्या हेन्स्लोंकडेच येत राहिल्या; शिष्य परतण्यापूर्वीच त्यांनी त्याच्या पत्रांतील उतारे विद्वानांसमोर वाचून त्याचे नाव केले.

१८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. धर्मश्रद्ध हेन्स्लोंना त्यातील सिद्धान्त मान्य झाला नाही. तरी १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्यावर गाजलेला वाद झाला तेव्हा अध्यक्षस्थानी बसून सर्वांना बोलू देण्याचे काम त्यांनीच केले. शिष्याने आपलेच मत गिरवावे असा त्यांचा हट्ट नव्हता. पुढच्याच वर्षी ते वारले. डार्विन १८८२ मध्ये गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

डार्विनला तीनदा वाट बदलता आली, कारण वडिलांपाशी पैसा होता, हे विसरून चालणार नाही. साठ मुलांच्या वर्गातील शेतमजुराच्या किंवा कारकुनाच्या मुलाला एकदाच संधी मिळते, आणि बरेचदा तीही अपुरी. म्हणूनच त्याच्या बाबतीत शिक्षकाची नजर अधिक मोलाची ठरते. प्रत्येक उदासीन मुलात डार्विन दडलेला नसतो. पण वर्गाबाहेर तो कशासाठी जागतो एवढे विचारण्यास कोणतेही अनुदान लागत नाही. हेन्स्लो उत्तरायुष्यात सफोकमधील हिचम या खेड्यात राहून शेतकऱ्यांच्या मुलांनाही त्याच आस्थेने वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. त्या मुलांपैकी कोणी जगप्रसिद्ध झाले नाही, आणि त्यासाठी त्यांनी ते शिकविलेही नव्हते.