लोखंडी नांगर ते चेनसॉ: नवी मशीन घेण्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट वाचा

बीड जिल्ह्यात लिंबागणेश आणि आसपासच्या गावांत लाकूड कापायची मशीन, म्हणजे चेनसॉ, आता नवलाची राहिलेली नाही. वादळात आडवा पडलेला लिंब असो की बांधावर माजलेली बाभूळ, कुऱ्हाडीने अर्धा दिवस खाणारं काम ही मशीन थोड्या वेळात उरकते. पण मोबाईलवर शोधायला बसलं की ५२ सीसी, ५८ सीसी, १८ इंची, २२ इंची अशी लांबलचक यादी समोर येते. फोटो सगळ्यांचे सारखे आणि प्रत्येकीखाली चांगले रिव्ह्यू. मग निवडायची कशी?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर एका अशा माणसाच्या आयुष्यात सापडतं, ज्याने चेनसॉ बनवलीच नव्हती. त्याने लोखंडी नांगर बनवला आणि तो नांगर कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं, झाले मशीनवाले

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, पण चित्रकला आणि यंत्रं या दोन गोष्टींचं वेड होतं. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार?

त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाही, माप लागतं. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. रिकामा वेळ मिळाला की वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन कशी चालते, कुठे अडते, हे ते स्वतः हाताने बघायचे. आज आपण व्हिडिओ बघून शिकतो, तसे ते परदेशी मासिकं वाचून शिकत होते.

सायकल विकली, आणि चालवायलाही शिकवली

१८८८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. हेच किर्लोस्कर ब्रदर्सचं पहिलं दुकान. गंमत म्हणजे सायकल विकून काम संपायचं नाही, कारण गावात ती कोणाला चालवताच यायची नाही. त्यामुळे शिकवणं हाही धंद्याचाच भाग होता. मशीन आणि ती चालवायची अक्कल, दोन्ही एकाच दुकानात मिळायची.

इकडे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं गेलं. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठलं. तिथे छोटा कारखाना काढून त्यांनी चारा कापायची मशीन बनवायला घेतली. आज आपल्याकडे गोठ्यागोठ्यात कडबा कुट्टी मशीन दिसते, त्याच जातीतली ही मशीन.

नांगर तयार, गिऱ्हाईक गायब

१९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगरापेक्षा तो जमिनीत खोल जायचा आणि माती पलटी करायचा. पण शेतकऱ्यांमध्ये पक्का समज होता की लोखंड लागलं की जमीन नासते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली.

आज हे ऐकून हसू येतं, पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो दुरुस्त करत होता. लोखंडी मोडला तर कोण करणार? पीक बुडालं तर भरपाई कोण देणार? नव्या मशीनची भीती नुसत्या अज्ञानातून येत नाही. नुकसान आपल्याच अंगावर पडणार, ही जाणीवही तिच्यामागे असते.

लक्ष्मणराव शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत. नांगर शेतात चालवून दाखवणं, तक्रार ऐकणं, कारखान्यात येऊन सुधारणा करणं, असं चालू राहिलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर युझरचा फीडबॅक घेऊन पुढचं व्हर्जन काढणं. हळूहळू विश्वास बसला आणि नांगराला मागणी आली.

माळरानावर उभं राहिलेलं गाव

धंदा रुळावर येतो न येतो तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. शहर वाढत होतं आणि नगरपालिकेला ती जमीन हवी होती. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ माळरानाची ३२ एकर जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था बघायचे. शंभूराव जांभेकर मशीनचं काम बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब. शिक्का बसलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं. तुरुंगातून सुटून आलेल्यांना त्यांनी कारखान्याची राखण सोपवली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळात हे सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं आणि देशी नांगराची मागणी वाढली. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडायची मशीन, रहाट आणि पाण्याचे पंप अशी यादी वाढत गेली.

१९२० साली घरातल्याच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत मराठीत पोचवायची, हा सुरुवातीचा उद्देश. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नावाजलेलं मासिक झालं. म्हणजे मशीनबद्दल मराठीत समजावून सांगायची गरज शंभर वर्षांपूर्वीही होतीच.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभर उभं केलेलं डोळ्यांसमोर जळालं, तरी कारखाना पुन्हा चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

मग चेनसॉ घेताना काय बघायचं?

दोन वर्षं नांगर न घेणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या शंका आजही कामाच्या आहेत. पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, माझ्या कामाला ही बसते का? फांद्या आणि मध्यम जाडीचे बुंधे कापायचे असतील तर ४५ ते ५५ सीसीचं इंजिन आणि १६ ते १८ इंची बार पुरतो. बार म्हणजे ज्यावर चेन फिरते ती पट्टी. छोट्या इंजिनावर लांब बार लावला की मशीन दमते. नुसता सीसीचा आकडा बघू नका, वजनही बघा, कारण ते दिवसभर तुमच्याच हातात असणार आहे.

दुसरा प्रश्न, मोडली तर कोण दुरुस्त करणार? चेन, बार, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग या झिजणाऱ्या गोष्टी आहेत. त्या बीडच्या बाजारात मिळतात का, हे आधी विचारा. ऑनलाईन हजार रुपये वाचले आणि पार्टसाठी महिनाभर मशीन पडून राहिली, तर ती स्वस्त कुठे पडली?

तिसरा प्रश्न, चालवायला कोण शिकवणार? दुकानदाराला चालू करून, लाकूड कापून दाखवायला सांगा. चेन ब्रेक लागतो का, हे तिथेच बघा. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

चालवताना हे विसरू नका

बहुतेक पेट्रोल चेनसॉमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. मॅन्युअलमध्ये ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. ऑइल न घालता चालवली तर इंजिन जाम होतं. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते, तीही भरा. मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका.

नवी चेन पहिल्या दिवशी सैल होते. इंजिन बंद करून, चेन गार झाल्यावर ती पुन्हा ताणा. चेन बारला चिकटून बसली पाहिजे, पण हातमोजा घालून ओढली तर सरकली पाहिजे. लाकडाच्या चिपऱ्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की चेन बोथट झाली समजा आणि गोल कानशीने धार लावा. वाळलेली बाभूळ लवकर धार घालवते. चेन मातीला लागली तर त्याहून लवकर.

सगळ्यात मोठा धोका बारच्या टोकाचा. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन झटक्यात उलटी अंगावर येते. म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर उचलून कापू नका आणि एकटे असताना झाड पाडू नका. चालू करताना मशीन जमिनीवर ठेवा आणि चेन ब्रेक लावा. हेल्मेट, गॉगल, कानाचं संरक्षण, हातमोजे आणि जाड बूट घाला. गळ्यात गमछा नको आणि धोतर तर नकोच.

आणि एक, स्वतःच्या रानातलं असलं तरी बऱ्याच झाडांना तोडण्याआधी सरकारी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. आधी तलाठी किंवा वन विभागाकडे चौकशी करा, मग दोरी ओढा.

लक्ष्मणरावांच्या नांगराला दोन वर्षं थांबावं लागलं, कारण लोक विचार करून पैसे टाकत होते. आज एका बोटाने ऑर्डर होते, म्हणून तो विचार आपणच आठवणीने करायला हवा. वरचे तीन प्रश्न मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात गेल्यावर एकेक करून विचारा.