खिशाला लावलेले पेन

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घराची साफसफाई चालली असताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक काळे पेन माझ्या हाती लागले. निबावर शाई वाळून खपली धरलेली आणि टोपणावरची कडी पिवळी पडलेली. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना शिष्यवृत्तीच्या पहिल्या पैशांतून त्यांनी ते पेन घेतले आणि निवृत्त होईपर्यंत वर्गाचा हजेरीपट त्यानेच भरला. मी ते रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी वाटीतले पाणी निळेशार झाले होते. किती वर्षांपूर्वीची शाई होती ती कोण जाणे!

ड्रॉपरने नवी शाई भरून मी पाठकोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहिली आणि चकितच झालो. आमच्या पिढीचे हात बॉलपेनावर वाढलेले. बॉलपेन दाबावे लागते, तीन तासांच्या परीक्षेत बोटे आंबून जातात. हे पेन नुसते कागदावर टेकवायचे, की ते आपले आपण चालू लागते. निबाच्या चिरेतून केशाकर्षणाने शाई खाली उतरते आणि जेवढी उतरेल तेवढीच हवा निबाखालच्या जिभेच्या खाचांतून वर चढते. हवा जास्त गेली की डाग पडतो, कमी गेली की पेन रुसते. लुइस वॉटरमन या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने १८८४ मध्ये ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यातील युक्ती मुख्यतः या जिभेचीच होती.

झाले, मला वेड लागले. जुन्या बाजारात, गावोगावच्या स्टेशनरी दुकानांच्या वरच्या फळीवर, मामाच्या टेबलाच्या खणात मी पेने शोधू लागलो. सात महिन्यांत अकरा पेने जमली. एबोनाइटची, प्लॅस्टिकची, पिस्टनची, रबरी पिशवीची. त्यांच्यासाठी मी मखमल लावलेला एक डबाही केला. एके संध्याकाळी मोठ्या ऐटीत तो डबा आजोबांपुढे उघडला. त्यांनी एकेक पेन उचलून पाहिले आणि यातल्या कशाने मी काय लिहिले असे साधेच विचारले. मला उत्तर देता येईना. खरे सांगायचे तर आजोबांचे पेन सोडल्यास प्रत्येक पेनाने मी फक्त माझी सही करून पाहिली होती. आजोबा रागावले नाहीत. बाबासाहेबांनाही पेने जमवण्याचा छंद होता, एवढेच म्हणून ते वर्तमानपत्र वाचू लागले.

आमच्या गावच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. निळा कोट, काखेत ग्रंथ, उंचावलेले बोट आणि खिशाला पेन. मी लहानपणापासून तो पाहत आलो, पण खिशाच्या पेनाकडे कधी निरखून पाहिले नव्हते. मग ग्रंथालयातून धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेली चरित्रे आणली. परीक्षेसाठी चरित्र वाचणे निराळे आणि एखादी वस्तू शोधत वाचणे निराळे. मी पेन शोधत वाचू लागलो.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे, हे आपण सर्वांनी शालेय पुस्तकात वाचले आहे. पण कित्येक शिक्षक त्यांच्या वहीला हात लावीत नसत, ही गोष्ट मला या वेळी पहिल्यांदा नीट दिसली. मुलगा लिहितो आहे, अक्षर गिरवतो आहे आणि ते तपासायला कोणाचा हात पुढे येत नाही! पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी ते उचलायला धाव घेतली. म्हणजे वही झाली, खडू-फळाही झाला.

घरी मात्र वेगळे जग होते. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत आणि ते गहाण टाकीत. मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १९१२ मध्ये तो बी. ए. झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पेनाचा शोध घेणाऱ्याला या योगायोगाची गंमत वाटते, कारण वॉटरमनचे फाउंटन पेन याच शहरात जन्मले होते. भीमरावांनी तेथे पेन घेतले की नाही ते ठाऊक नाही. जुनी पुस्तके मात्र त्यांनी शेकड्यांनी घेतली.

१९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मागाहून येणारे त्यांचे पुस्तकांचे सामान ज्या बोटीवर होते, ती महायुद्धात पाणसुरुंग्याने बुडवली. मग बडोद्याची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकीत. राहायला जागाही मिळेना, तेव्हा नोकरी सोडावी लागली. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, पण तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरबूर केलीच.

मग त्यांनी स्वतःचा कागद काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परत आले. तोवर 'मूकनायक' बंद पडले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्यापाठोपाठ ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या पत्राविषयी वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. हाताखाली लेखक नाहीत, पगार द्यायला पैसे नाहीत, म्हणून चोवीस चोवीस रकाने हा माणूस एकट्याने लिहून काढी. दिवसा वकिली, व्याख्याने, सभा, कौन्सिल आणि रात्री रकाने. आमच्या वार्षिक अंकासाठी दोन पाने लिहायला मला तीन आठवडे लागले. रकाना म्हणजे काय ते आता थोडेसे कळते. १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र थांबले. पुढे १९३० मध्ये 'जनता' निघाले आणि १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

पेनांचा छंद याच माणसाचा. चरित्रकारांनी आणि सहवासातल्या माणसांनी तो नोंदवून ठेवला आहे. पुस्तकांइतकेच त्यांना चांगल्या फाउंटन पेनांचे आकर्षण होते. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढणाऱ्या या विद्यार्थ्याने पुढे पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' बांधले आणि कर्जही करून घेतले. व्यवहारी माणसाला हे पटणार नाही. मलाही पूर्वी एवढी पेने कशाला असे वाटले असते. आता वाटते, ज्याची वही कोणी हातात घेत नव्हते, त्याने आपल्या पसंतीचे पेन हातात घेतले, तर त्यात चैन किती आणि आणखी काय काय किती, याचा हिशोब आपण करू नये.

माझ्या एका मित्राला मी हे सांगू लागलो, तेव्हा त्याने लगेच विचारले, की संविधान कोणत्या पेनाने लिहिले? हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि त्याचे उत्तर जरा निराळे आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. सात जणांची समिती, पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दिल्लीपासून दूर राहिले, कोणाला प्रकृतीने साथ दिली नाही, आणि बहुतेक भार त्यांच्यावर पडला. घटना परिषदेपुढे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडलेल्या मसुद्यात ३१५ कलमे होती. त्यावर सात हजारांवर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या. एकेका दुरुस्तीला उत्तर देत २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत ३९५ कलमांचे संविधान उभे राहिले. यात मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावत चालली होती. सुंदर अक्षरातली जी प्रत आपण चित्रांत पाहतो, ती प्रेम बिहारी नारायण रायजादा या सुलेखनकारांनी दिल्लीत हाताने लिहिली, तीही टाकाने. तेव्हा संविधानाचे एकच एक पेन शोधण्यात अर्थ नाही. खाडाखोड करायची, पुन्हा लिहायचे, टंकलेखनाची प्रत आली की तिच्यावर पुन्हा दुरुस्त्या करायच्या, असे ते काम होते.

हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतरच्या पाच वर्षांविषयी मी जे वाचले त्यात राजकारणापेक्षा लेखनच मनात राहिले. दिल्लीत अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात हे लेखन चाले. दृष्टी मंदावलेली, पाय दुखत, चालायला आधार लागे. नानकचंद रत्तू हे दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी येत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली पाने टंकलिखित करीत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे काम असे चालले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हाही तो ग्रंथ छापून व्हायचाच होता.

५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे आपल्या पलंगाशेजारी आणून ठेवायला सांगितली. झोपण्यापूर्वी ती एकदा नजरेखालून घालायची होती. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. मागे राहिलेली हस्तलिखिते इतकी होती, की महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडांनी छापायला घेतली. त्या खंडांची आमच्या ग्रंथालयातील ओळ मी बोटाने मोजत गेलो. मखमलीच्या डब्यातल्या माझ्या अकरा पेनांहून ती बरीच लांब भरली.

हा लेख मी आजोबांच्या पेनाने लिहिला. ते मधल्या बोटाजवळ किंचित गळते, त्यामुळे तीन आठवडे माझे बोट निळेच होते. चौदा पाने झाली आणि शाई दोनदा भरावी लागली. अंकाच्या संपादकांकडे देण्यापूर्वी ती पाने आजोबांना वाचायला दिली. चष्मा पुसून, खिडकीपाशी बसून त्यांनी ती सावकाश वाचली. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक मी घाईत महाडच्या सत्याग्रहाच्याच दिवशी काढून टाकला होता. ती ओळ येताच ते थांबले आणि त्यांनी पेन मागितले. चुकलेली तारीख एका रेघेने खोडून समासात थरथरत्या, तरीही मास्तरी वळणाच्या अक्षरात त्यांनी ३ एप्रिल १९२७ असे लिहिले. मग टोपण लावून पेन आपल्या सदऱ्याच्या खिशाला अडकवले. ते अजून मला परत मिळालेले नाही.