पदवी नसलेला प्राध्यापक : जॉर्ज बूल

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यंत्राच्या अंतरंगाची ओळख होते ती ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ या गेट्सपासून. या गेट्समागील बीजगणित ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जॉर्ज बूल मात्र विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधीच चढले नाहीत.

इंग्लंडमधील लिंकन येथे २ नोव्हेंबर १८१५ रोजी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे मन धंद्यापेक्षा दुर्बिणी घडवण्यात अधिक रमे. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षीच जॉर्ज यांच्यावर कुटुंबाचा भार पडला. त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली, एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. उरलेल्या वेळात लाग्रांज, लाप्लास यांचे ग्रंथ कोणाच्याही मार्गदर्शनाविना अभ्यासले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात, हाती कोणतीही पदवी नसताना, ते गणिताचे प्राध्यापक झाले.

तर्कालाही बीजगणिताचे नियम लावता येतील, हा विचार त्यांनी १८४७ आणि १८५४ च्या ग्रंथांत मांडला. पांढऱ्या वस्तूंमधून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या, तर हाती त्याच राहतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच, ० आणि १. मदुराईत जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी या कार्याचे मोल वेळीच ओळखले. भारताशी आणखी एक धागा जुळला तो १८५५ मध्ये. बूल यांच्या पत्नी मेरी या भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत.

१८६४ च्या नोव्हेंबरात भर पावसात ते पायी कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी व्याख्यान दिले. तो ताप उतरला नाही. ८ डिसेंबर रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि पाच लहान मुली राहिल्या.

त्यांच्या बीजगणिताचा यंत्राशी संबंध जुळायला आणखी ७३ वर्षे जावी लागली. १९३७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे विद्यार्थी क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, विजेच्या स्विचची जोडणी बूल यांच्याच नियमांनी मांडता येते. आज प्रत्येक प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर तेच नियम पाळतात.