चार्ल्स गुडनाईट : टेक्सासचा वृद्ध घोडेस्वार

काउबॉय म्हटलं की मुलांना टोपी, पिस्तूल आणि धूळ उडवणारा घोडा आठवतो. सिनेमानं ते चित्र पक्कं करून ठेवलंय. खरं तर काउबॉय म्हणजे पगारी गुराखी. अमेरिकेतल्या अशाच एका नामवंत गुराख्याची ही ओळख.

चार्ल्सचा जन्म ५ मार्च १८३६ रोजी इलिनॉय राज्यात झाला. शाळा जेमतेम सहा महिने. नऊ वर्षांचा असताना कुटुंब टेक्सासला निघालं, तेव्हा हा पोरगा सुमारे आठशे मैल ब्लेझ नावाच्या घोडीवर बसून गेला. तेही खोगिराशिवाय, बरं का!

तरुणपणी ते टेक्सास रेंजर्समध्ये वाटाडे होते. १८६० मध्ये त्यांनी माग काढलेल्या कोमांची वस्तीवर छापा पडला. त्यात सिंथिया अॅन पार्कर ही लहानपणी पळवून नेलेली आणि आता कोमांचींचीच होऊन गेलेली बाई पकडली गेली. तिचा मुलगा क्वाना मागे राहिला. हे नाव लक्षात ठेवा.

अमेरिकन यादवी संपली तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला सैन्याच्या ताब्यातले हजारो नवाहो लोक उपाशी होते आणि तिथं सरकार मांस विकत घेत होतं. १८६६ मध्ये गुडनाईट आणि ऑलिव्हर लव्हिंग दोन हजारांच्या आसपास जनावरं घेऊन निघाले. वाटेत सुमारे ऐंशी मैल पाण्याचा थेंब नाही. पेकॉस नदीचा वास येताच तहानलेली जनावरं उधळली. शेकडो दगावली.

याच प्रवासासाठी गुडनाईटनी सैन्याची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणांचं कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली पाडलं की स्वयंपाकाचं टेबल तयार! ही चक वॅगन पुढे सगळीकडे वापरली गेली. मला तर त्यांच्या सगळ्या कामांत हेच जास्त आवडतं.

पुढच्याच वर्षी कोमांचींच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाले आणि जखम चिघळून वारले. आपल्याला परक्या मातीत ठेवू नको, एवढंच त्यांचं मागणं होतं. गुडनाईटनी शब्द पाळला. शवपेटी गाडीवर घालून थेट टेक्सासातल्या वेदरफर्डला आणली. नफ्यातला वाटाही लव्हिंगच्या घरच्यांना दिला.

१८७६ मध्ये त्यांनी पालो ड्युरो दरीत गुरं नेली. त्यासाठी तिथले बायसन त्यांनीच हुसकून लावले. (हा आपल्या दाजीपूरचा गवा नव्हे, वेगळा प्राणी.) दोनच वर्षांनी क्वाना पार्कर आपल्या भुकेल्या माणसांना घेऊन शिकारीला आला, तर दरीत बायसनच नाहीत! गुडनाईटनी बोलणी केली आणि बायसन सापडेपर्यंत एक दिवसाआड दोन गुरं द्यायचं ठरवलं. बंदूक चालली नाही. पुढे दोघांची ओळख टिकली. या एका प्रसंगानं आधीची बाजू पुसली जात नाही, मुलांना दोन्ही सांगाव्यात.

पत्नी मेरी अॅन लग्नाआधी शिक्षिका होत्या. शिकाऱ्यांनी अनाथ केलेली बायसनची वासरं त्यांच्याच आग्रहानं पाळली गेली. त्या कळपाचे वंशज आजही टेक्सासच्या कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात चरतात. गुडनाईटना लिहिता-वाचता कधीच आलं नाही, पत्रं बायकोच लिहायची. पण १८९८ मध्ये या दोघांनी कॉलेज काढलं!

मेरी १९२६ साली गेल्या. पुढच्या वर्षी, ९१व्या वर्षी, गुडनाईटनी दुसरं लग्न केलं.

त्यांच्याबरोबर चार वर्षं गुरं हाकणारे बोस इकार्ड जन्मानं गुलाम होते. ज्या काळात काळ्या माणसाला न्यायही मिळत नव्हता, त्या काळात गुडनाईट वाटेत रोकड त्यांच्याच हवाली करत. जानेवारी १९२९ मध्ये इकार्ड वारले. ९२ वर्षांच्या गुडनाईटनी स्वतःच्या पैशानं त्यांच्या कबरीवर दगड उभारला आणि या माणसानं कधी काम टाळलं नाही, हुकूम मोडला नाही अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरून घेतला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला गुडनाईटही गेले.