कमरेवरची न भरणारी जखम, बधिर चट्टा आणि डॉ. खानोलकर: स्किन बायोप्सी नेमकी का करतात?

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात अंगावर एखादी खूण असणं ही रोजचीच गोष्ट. माशाचा काटा बोटात घुसतो, जाळ्याच्या दोरानं तळहात घासतो, वर्षानुवर्षं घट्ट नेसलेल्या लुगड्यामुळे कमरेवर काळा पट्टा उमटतो. बहुतेक खुणा आपोआप बऱ्या होतात. पण एखादी जखम महिना-दोन महिने भरतच नाही आणि मग डॉक्टर कातडीचा तुकडा काढून तपासायला सांगतात. घरात पहिली भीती असते ती कॅन्सरची. दुसरी भीती म्हणजे, कापल्यामुळे दुखणं आणखी पसरणार तर नाही ना?

या तपासणीला स्किन बायोप्सी म्हणतात. कातडीच्या अशा छोट्या तुकड्यांमधून भारतीयांचे आजार वाचायला शिकवणाऱ्यांमध्ये एक मराठी नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील पॅथॉलॉजीचे जनक अशी त्यांची ओळख आहे. बायोप्सी म्हणजे काय, ती का करतात आणि रुग्णानं डॉक्टरांना काय सांगायला हवं, या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यांच्या कामात सापडतात.

कोण होते डॉ. खानोलकर?

खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि 1923 मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतील एमडी पदवी मिळवली. पॅथॉलॉजी म्हणजे आजारामुळे शरीराच्या पेशींमध्ये काय बदल होतात, याचा अभ्यास. हे डॉक्टर रुग्णाला सहसा भेटत नाहीत. मात्र आजाराचं नाव बऱ्याचदा त्यांच्याच रिपोर्टवरून ठरतं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये अध्यापन केलं. केईएम रुग्णालयाशी जोडलेलं हे कॉलेज 1926 मध्ये सुरू झालं. इथले सगळे अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. इंग्रजी राजवटीत ही साधी बाब नव्हती. 1941 मध्ये जवळच टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं खानोलकरांकडे आली.

तोपर्यंत इथल्या डॉक्टरांच्या हातातली बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेली होती. टाटामध्ये येणारे रुग्ण मात्र वेगळे होते. त्यांचे कपडे, काम, व्यसनं आणि सवयी या पुस्तकांत नव्हत्या.

तुकडा काढला की पुढे काय होतं?

बायोप्सी हा शब्द 1879 मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी रूढ केला. ग्रीक भाषेतल्या ‘जीवन’ आणि ‘पाहणे’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून तो बनला आहे. जिवंत माणसाच्या शरीरातला तुकडा काढून पाहणं, असा त्याचा सरळ अर्थ.

कातडीची बायोप्सी बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागातच होते, त्यासाठी भरती व्हावं लागत नाही. डॉक्टर त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देतात. सुई टोचताना थोडी चुणचुण होते, त्यानंतर दुखत नाही. प्रकार साधारण असे आहेत:

• पंच बायोप्सी: पेनाच्या टोपणासारख्या गोल धारदार उपकरणानं साधारण 3 ते 4 मिलिमीटरचा तुकडा काढतात. सगळ्यात जास्त वापर याचाच.

• शेव्ह बायोप्सी: वर आलेल्या भागाचा पातळ थर ब्लेडनं काढतात.

• इन्सिजनल बायोप्सी: मोठ्या जखमेचा किंवा गाठीचा एक भाग काढतात.

• एक्सिजनल बायोप्सी: संशयास्पद तीळ किंवा गाठ पूर्णच काढतात.

गरजेनुसार एक-दोन टाके पडतात. चेहऱ्यावरचे टाके साधारण आठवड्यात निघतात, हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत.

काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो, म्हणजे तो कुजत नाही. प्रयोगशाळेत त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात आणि मग त्याचे 4 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंग दिल्यावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. पेशी आपापल्या जागी आहेत का, खालच्या थरात घुसल्या आहेत का, जंतू आहेत का, सूज कशाभोवती आहे, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या सगळ्या टप्प्यांमुळे रिपोर्टला काही दिवस लागतात. उशीर झाला म्हणजे काहीतरी गंभीरच निघालं, असं नव्हे.

धोतराचा कर्करोग: सवय आणि आजार यांचं नातं

1945 मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीच्या एका नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. विषय होता रूढी-सवयी आणि कर्करोग. त्यात भारतातल्या तीन नव्या प्रकारांची नोंद होती. ओठामागे तंबाखू-चुना धरून ठेवल्यानं होणारा खैनीचा कर्करोग हा त्यांतला एक आणि धोतराचा कर्करोग हा दुसरा.

धोतर कमरेला रोज एकाच जागी आवळून बांधलं जातं. घाम, घर्षण आणि दाब यांमुळे तिथली कातडी आधी काळवंडते, मग जाड होते किंवा तिचा रंग उडतो. पुढे तिथं जखम होते, सुकते आणि पुन्हा होते. असं वर्षानुवर्षं चाललं, तर क्वचित एखाद्या रुग्णात त्या जखमेच्या पेशी कर्करोगाच्या होतात. वरून ती साधी जखम वाटते. आत काय चाललं आहे, ते बायोप्सीतच कळतं.

काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी धरल्या जाणाऱ्या शेगडीमुळे होणारा कांगडी कर्करोग त्याआधीच माहीत होता. खानोलकरांनी हा धागा पुढे नेला. कर्करोग हा निव्वळ नशिबाचा फेरा नाही, माणसं कशी जगतात याच्याशी त्याचं नातं आहे, हे त्यांनी दाखवलं. कारण सापडलं, तर आजार टाळताही येतो. डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह त्यांनी केलेला तंबाखू आणि तोंड-घशाच्या कर्करोगाचा अभ्यास 1955 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आज गुटख्याच्या पुडीवर जो इशारा असतो, त्यामागे अशा अभ्यासांची मोठी परंपरा आहे.

कुष्ठरोगाचा माग मज्जातंतूंमध्ये

खानोलकरांच्या कामाचा दुसरा मोठा भाग कुष्ठरोगाचा. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे घरातून हकालपट्टी. हातापायांची बोटं झडल्यावरच आजार ओळखला जाई. खानोलकरांनी उलट बाजूनं सुरुवात केली. आजार नुकताच सुरू झालेल्या चट्ट्यांमधले तुकडे त्यांनी तपासले. हा अभ्यास 1951 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विशेष अहवालात प्रसिद्ध झाला.

अगदी सुरुवातीच्या चट्ट्यातही कातडीतल्या बारीक मज्जातंतूंना बाधा झालेली असते, हे त्यांच्या कामातून ठळकपणे पुढे आलं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर का असतो, याचं उत्तर यात आहे. म्हणूनच आजही कुष्ठरोगाचा संशय असेल, तर बायोप्सीचा तुकडा खालच्या चरबीच्या थरापर्यंत खोल घेतात. मज्जातंतू त्यात आला नाही, तर निदान हुकू शकतं.

अर्थात, प्रत्येक चट्ट्याला बायोप्सी लागत नाही. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन फिकट किंवा लालसर, बधिर चट्टे शोधतात. बहुतेक रुग्णांचं निदान अशा तपासणीवरच होतं. शंका उरली तरच तुकडा घेतला जातो. कुष्ठरोगावरची बहुविध औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. प्रकारानुसार उपचार 6 किंवा 12 महिन्यांचे असतात. वेळेत औषध सुरू झालं, तर विकृती टळते.

संस्था उभारणारा संशोधक

1952 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. खानोलकर त्याचे पहिले संचालक. 2021 मध्ये ज्यांचं गुगल डूडल अनेकांनी मोबाइलवर पाहिलं, त्या डॉ. कमल रणदिवे खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी झाल्या होत्या. पुढे त्यांनी कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं.

खानोलकर कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष झाले. 1960 ते 1963 या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणनं त्यांचा गौरव झाला. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचं निधन झालं.

धोतर गेलं, प्रश्न संपला का?

नाही. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्कर महिलांची माहिती दिली. एकीच्या कमरेवर परकराच्या घट्ट नाडीच्या जागी जखम होती. दुसरी परकर न घालता थेट कमरेभोवती लुगडं आवळून नेसायची. दोघींची जखम दीड-दोन वर्षं भरली नव्हती. बायोप्सीत दोघींनाही कर्करोग निघाला आणि एकीच्या जांघेतल्या गाठीपर्यंत तो पोहोचला होता.

हा आजार दुर्मीळ आहे. लुगडं सोडून द्यायचीही गरज नाही. नाडी किंवा गाठ थोडी सैल ठेवणं, जागा बदलणं, रुंद पट्टी वापरणं आणि जखम दिसली तर लपवून न ठेवणं, एवढं पुरेसं आहे.

कोळीवाड्यासाठी आणखी एक उदाहरण महत्त्वाचं. माशाचा काटा लागलेल्या बोटावर काही आठवड्यांनी गाठ येते आणि ती नेहमीच्या औषधांनी जात नाही. क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातला, पाण्यात आढळणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू त्याला कारण असू शकतो. प्रयोगशाळेत तो 37 अंशांपेक्षा 30 अंश सेल्सिअसच्या आसपास चांगला वाढतो. मासळीचं काम करतो, हे रुग्णानं सांगितलंच नाही, तर प्रयोगशाळा योग्य तापमानाला त्याचा शोध घेईलच असं नाही.

खानोलकरांच्या कामातून घ्यायची गोष्ट हीच. काचेवरचा काप एकटा सगळं सांगत नाही. माणूस काय काम करतो, काय नेसतो, काय चघळतो, हे कळलं तर निदान नेमकं होतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

• चार आठवड्यांत न भरणारी किंवा भरून पुन्हा फुटणारी जखम

• बधिर चट्टा

• आकार, रंग किंवा कडा बदलणारा तीळ. तळपायावर किंवा नखाखाली नव्यानं आलेला काळा डाग

• अंगावर किंवा तोंडात वारंवार येणारे पाण्याचे फोड

• औषध घेऊनही न जाणारं पुरळ किंवा गाठ

बायोप्सीआधी काय सांगायचं?

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, औषधाची ॲलर्जी आणि जखमेचा वण फुगण्याची सवय असेल, तर ते आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. जखमेवर लावलेली मलमं, झाडपाला, मशेरी-तंबाखूची सवय, रोजचं काम आणि कपड्याची गाठ कुठं येते, हेही सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

कापल्यानं कॅन्सर पसरतो का?

कातडीच्या बायोप्सीमुळे कॅन्सर पसरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट ती टाळण्यात गेलेला वेळ आजाराला मिळतो. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सरच आहे, असंही नाही. सोरायसिस, इसब, बुरशी, कुष्ठरोग अशा अनेक आजारांमध्ये फरक करण्यासाठी ती करतात.

रिपोर्ट हातात आल्यावर मोबाइलवर शब्द शोधत बसण्यापेक्षा तो घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावं आणि कागद जपून ठेवावा. पुढे वसईहून लोकल पकडून परळला टाटा किंवा केईएममध्ये जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर तो कागद मागतात. मेणातला तुकडा आणि काचेच्या पट्ट्याही प्रयोगशाळेतून मागून घेता येतात. दुसरा तज्ज्ञ त्याच पुन्हा तपासू शकतो आणि बऱ्याचदा नव्यानं तुकडा काढावा लागत नाही.